उन्हाविना मीठ

मीठ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उरण-भाईंदरची मिठागरं येतात. भरतीचं पाणी आत घ्यायचं, अडवायचं आणि पुढचं उन्हावर सोपवायचं. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या झिगोंगला ही सोय नव्हती. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. ऊन म्हणाल तर तिथले कुत्रे सूर्य दिसला की भुंकतात, अशी जुनी चिनी म्हणच आहे. तरीही फूशी नदीकाठचा तिथला दाआन हा भाग पिढ्यान्‌पिढ्या मिठावर जगला.

मीठ होतं जमिनीच्या पोटात, खाऱ्या पाण्याच्या रूपात. त्यासाठी 1823 साली शेनहाय विहीर खोदायला घेतली. विहीर कसली, वीतभरही रुंद नसलेलं भोक! माणसं लाकडी तरफेवर पाय द्यायची, जड लोखंडी पहार वर उचलली जायची. पाय काढला की ती दाणकन खाली. दोर बांबूच्या पट्ट्यांचा. असं करत 1835 साली ते भोक 1,001 मीटरवर पोचलं. हजार मीटरच्या खाली गेलेली ही जगातली पहिली विहीर. म्हणजे एक अख्खं तप नुसतं पाय देणं आणि काढणं! सुरुवात करणाऱ्यांपैकी शेवटपर्यंत किती टिकले असतील, कोण जाणे.

पाणी वर काढायला लांबलचक बांबू, त्याच्या बुडाशी चामड्याची झडप. आणि गंमत म्हणजे त्याच भोकातून नैसर्गिक वायूही यायचा. तोच कढयांखाली पेटवायचा. उन्हाची उणीव जमिनीनेच भरून काढली.

मला सगळ्यांत आवडतं ते पुढचं. उकळत्या खाऱ्या पाण्यात सोयाबीनचं दूध ओततात. साखरेच्या पाकात दूध घालून आपण मळी काढतो ना, अगदी तसंच. घाण साकळून वर येते, ती झाऱ्याने काढायची. शेनहायला आजही अशा कढया चढतात.

तयार मीठ होड्यांतून फूशी नदीने पुढे यांगत्सेकडे जायचं. एकोणिसाव्या शतकात राजसत्तेविरुद्धच्या तायपिंग बंडाने समुद्री मिठाची वाट अडली, तेव्हा हूबेई प्रांताकडचे लोकही सिचुआनचंच मीठ खाऊ लागले. झिगोंगच्या व्यापाऱ्यांची चांदी झाली.

रहाट ओढणाऱ्या बैलांची मात्र नाही. थकले की ते थेट खाटकाकडे. झिगोंगचे गोमांसाचे झणझणीत पदार्थ त्यातूनच आले, असं सांगतात. त्यांत मीठ कमी पडायचा प्रश्नच नव्हता.