ऑल्ट-टॅब दाबल्यावर

दुसऱ्या विंडोत जायला ऑल्ट-टॅब दाबलं. स्क्रीन रीडरने, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने, विंडोचं नाव वाचलं आणि गप्प. कर्सर कुठे? पत्ता नाही.

विंडो पुढे आली म्हणजे फोकस, म्हणजे दाबलेली कळ जिथे लागू होते ती जागा, योग्य ठिकाणी बसलाच असं नाही. फोकस बदलल्याचं प्रोग्रॅमने कळवलंच नाही, तर बिचारा रीडर बोलणार काय? अशा वेळी अंदाजाने टाइप करणं नडतं. ब्राउझर असेल आणि ब्राउज मोड (यात अक्षरं टाइप न होता पानावर फिरायचे शॉर्टकट होतात) चालू असेल, तर 'एच' दाबताच पुढच्या हेडिंगवर उडी!

एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये इन्सर्ट-टॅब दाबलं की फोकस कशावर आहे ते कळतं, इन्सर्ट-टीने विंडोचं नाव. नुसतं 'पेन' (pane, म्हणजे विंडोचा एक भाग) किंवा 'अननोन' ऐकू आलं, तर दुसऱ्या विंडोत जाऊन परत यायचं. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. नाहीच भागलं, तर कंट्रोल-ऑल्ट-एनने रीडर पुन्हा सुरू करायचा, अर्थात डेस्कटॉपवर त्याचा शॉर्टकट असेल तर.

तुमच्याकडे कोणता प्रोग्रॅम असं मौन धरतो?