एलएमएसवरचं ‘पूर्ण’ आणि वॉर्डातला निळा डबा : माझा अनुभव

मुंबईतल्या एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात जैववैद्यकीय कचऱ्याचं प्रशिक्षण मूडलवर (ऑनलाइन शिकवण्याची एक प्रणाली, म्हणजे एलएमएस) चालवायचं काम माझ्याकडे होतं. शिकणारे म्हणजे सिस्टर, वॉर्डबॉय आणि सफाईच्या मावशी. पहिल्याच महिन्यात रिपोर्टमध्ये जवळजवळ सगळ्यांपुढे ‘पूर्ण’ची खूण लागली होती, आणि वॉर्डात मात्र लाल पिशवीत रक्ताचा कापूस सापडतच होता. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे तो पिवळ्या पिशवीत जायला हवा.

म्हणून आधी ती खूणच तपासली. लॉगमध्ये रात्रपाळीत पहाटे साडेतीनला उघडलेला २२ मिनिटांचा व्हिडिओ ८ मिनिटांत बंद केलेला दिसत होता, तरी खूण लागलेली. कारण धड्याची अट ‘पाहिला’ एवढीच ठेवली होती, आणि मूडलमध्ये पान उघडलं की ती अट पुरी होते. अट बदलून ‘क्विझमध्ये उत्तीर्ण’ अशी केली. त्यासाठी उत्तीर्णतेचे गुण क्विझच्या सेटिंगमध्ये आधी भरावे लागतात. सर्व्हरवरचा क्रॉनही (ठरलेली कामं आपोआप चालवणारी सोय) पाहून घ्यावा. तो दर मिनिटाला चालायला हवा. बंद पडला की कोर्स पूर्ण झाल्याची नोंद अडकते आणि लोक उगाच तोच धडा पुन्हा करत बसतात.

दुसरी तक्रार कल्याण-विरारकडून लोकलने येणाऱ्यांची होती: फोनवर अर्धा धडा होतो, पुन्हा उघडला की पहिल्यापासून. आमची पॅकेजेस, म्हणजे तयार धडे, स्कॉर्म १.२ची होती (एलएमएसमध्ये धडा बसवायचा एक जुना ठरावीक साचा). ‘कुठपर्यंत आलो’ हे साठवायला त्यात फक्त ४०९६ अक्षरांची जागा असते. लांब पॅकेजमध्ये ती भरते आणि पुढचं जतन होत नाही. एका पॅकेजची पाच छोटी पॅकेजेस केली, तक्रार थांबली.

खरं काम क्विझच्या ‘स्टॅटिस्टिक्स’ रिपोर्टमध्ये आहे, आणि तोच फारसं कोणी उघडत नाही. हिशेब पहिल्या प्रयत्नावरून करायला सांगावा. तिसऱ्या प्रयत्नापर्यंत उत्तरं पाठ झालेली असतात. दोन आकडे बघायचे. फॅसिलिटी इंडेक्स म्हणजे प्रश्न किती जणांना जमला. डिस्क्रिमिनेशन इंडेक्स म्हणजे एकूण परीक्षेत चांगले असलेल्यांना तो प्रश्नही जमला का. हा दुसरा आकडा ५०च्या वर असेल तर उत्तम, ३० ते ५० ठीक, २० ते २९ कमकुवत, त्याखाली फारच कमकुवत. उणे आला तर शिकणाऱ्यांना दोष देण्याआधी प्रश्न उघडून बघावा. मात्र प्रयत्न वीसेकच असतील तर हे आकडे फार हेलकावतात, त्यावरून निर्णय घेऊ नये.

आमच्याकडे उणे आलेला प्रश्न होता: ‘फुटलेला अँप्युल (इंजेक्शनच्या औषधाची काचेची कुपी) कुठे टाकाल?’ उत्तरसूचीत ‘पांढरा डबा’ होतं. पांढरा, टोचून भोक न पडणारा डबा सुई-ब्लेडसारख्या धातूच्या धारदार वस्तूंसाठी असतो. काच निळ्यात जाते (कर्करोगाच्या औषधांचे अँप्युल वगळून, ते पिवळ्यात). म्हणजे ज्या सिस्टरना नियम पक्का माहीत होता, त्यांचेच गुण कापले जात होते. सूची दुरुस्त करून ‘रिग्रेड’ चालवलं, म्हणजे दिलेली उत्तरं नव्या सूचीने पुन्हा तपासली. इथे एक पथ्य पाळावं. फक्त सूची चुकली असेल तर रिग्रेड करावं, पण प्रश्नाची भाषा बदलायची असेल तर नवा प्रश्न घालावा. नाहीतर जुनी उत्तरं नव्या प्रश्नाला चिकटतात.

रिपोर्ट गटांप्रमाणे वेगळा काढला, तेव्हा मावशींच्या गटात तोच प्रश्न अजूनही चुकत होता. एक कारण भाषेचं. मूडलचा मराठी भाषा-पॅक फक्त बटणं आणि सूचना मराठीत देतो, प्रश्न आपणच मराठीत लिहावे लागतात. आमचे इंग्रजीत होते, त्यामुळे कचऱ्याऐवजी इंग्रजीचीच परीक्षा होत होती. मल्टी-लँग फिल्टर (एकच मजकूर ज्याच्या त्याच्या भाषेत दाखवणारी सोय) लावून प्रश्न मराठी-हिंदीत घातले, जोडीला ऑडिओ. बाकीचे प्रश्न सुधारले, हा मात्र थोडाच. मग एका मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, “काच टोचते ना, मग पांढऱ्यातच टाकणार. तुमच्या व्हिडिओतच सांगितलंय.” खरंच सांगितलं होतं: ‘जे टोचतं ते पांढऱ्यात.’ वाक्य सोपं, लक्षात राहणारं आणि चुकीचं. तेवढे ४० सेकंद नव्याने चित्रित केले, खरा अँप्युल आणि खरी सुई शेजारी ठेवून: धातू पांढऱ्यात, काच निळ्यात.

कोर्सच्या शेवटी ‘१ ते ५ रेटिंग द्या’ विचारणं मी बंद केलं. सगळे ४ देतात आणि त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी तीन आठवड्यांनी फीडबॅकमध्ये एकच प्रश्न जातो: ‘कामावर कुठे अडलात?’ अमेरिकी प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणं, वागणूक, परिणाम. एलएमएस पहिल्या दोन आपोआप मोजतो, तिसरीसाठी वॉर्डात जावंच लागतं. इन-चार्ज सिस्टर आठवड्याला १० पिशव्या-डबे वरूनच पाहून, आत हात न घालता, चूक कोणती ते चेकलिस्टमध्ये नोंदवतात. ती नोंद आणि क्विझचे आकडे दर महिन्याला शेजारी ठेवतो.

अशाच एका महिन्यात अँप्युलचा प्रश्न सगळ्यांना जमत होता, तरी दोन वॉर्डांत काच पांढऱ्यातच पडत होती. फीडबॅकमध्ये एका सिस्टरनी लिहिलं होतं, ‘निळा डबा ड्रेसिंग रूममध्ये आहे, इंजेक्शनची ट्रॉली इथे.’ त्या महिन्यात कोर्समध्ये काहीच बदललं नाही. निळा डबा ट्रॉलीशेजारी आणून ठेवला.