सुपर लीगचा सीझन बघायचाय? फायनलच्या आधी एक शुक्रवार विगन नाहीतर हलला काढा

सुपर लीग म्हणजे इंग्लंडातली रग्बी लीगची सगळ्यात वरची स्पर्धा. तिचा २०२४ चा सीझन, फेब्रुवारी ते ऑक्टोबर, जमेल तेव्हा ट्रेन पकडून ग्राउंडवर जाऊन बघितला. आता ओळखीतलं कोणी विचारतं की थेट ग्रँड फायनलचंच तिकीट काढू का, तर माझं म्हणणं एकच, काढा की, पण त्याआधी एक तरी शुक्रवारची रात्र विगन, वॉरिंग्टन नाहीतर हलला घालवा, कारण हा खेळ त्या गावांचा आहे. मॅचसाठी सुट्टी घेतली की गिरणी-खाणीतल्या खेळाडूंची मजुरी बुडायची, ती भरून देण्यावरून भांडण झालं आणि १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडातले क्लब हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बसून मूळ रग्बी संघटनेपासून वेगळे झाले. आजही स्टँडमध्ये आजोबा, मुलगी, नातू एकाच जर्सीत शेजारी बसलेले दिसतात.

नियम सोपे आहेत. तेरा खेळाडू, सहा टॅकल, तेवढ्यात काही जमलं नाही तर बॉल समोरच्यांकडे. कबड्डी बघत वाढलेल्या माणसाची नजर आपोआप पकडीवर जाते, आणि खरी गंमत तिथेच आहे! एक जण कमरेला मिठी मारतो, दुसरा छातीवर, तिसरा पायात घुसतो, सगळी धडपड बॉलवाल्याला पाठीवर पाडायची, कारण पाठीवर पडला की उठून बॉल पायाने मागे सारायला त्याला वेळ लागतो आणि तेवढ्यात डिफेन्सची लाईन परत सरळ उभी राहते. टीव्हीवर कॅमेरा बॉलमागे असतो म्हणून ही लाईन दिसत नाही, त्यामुळे तिकीट काढताना शक्यतो थोडं वरचं घ्या.

लीड्सला मॅच बघायची तर हॅरोगेटकडे जाणारी लोकल धरायची, बर्ली पार्क किंवा हेडिंग्लीला उतरून पुढे चालत. रग्बी आणि क्रिकेटची ग्राउंड्स पाठीला पाठ लावून, मध्ये एकच स्टँड, आणि पलीकडच्या बाजूला १९९२ मध्ये आपला सचिन यॉर्कशायरचा पहिला परदेशी खेळाडू म्हणून खेळलेला. वेस्टर्न टेरेसवर उभं राहून मॅच बघा, पाय दुखले तरी चालतील. २०२४ च्या जूनमध्ये लीड्सचा जुना खेळाडू रॉब बरो मोटर न्यूरॉन आजाराने गेला, उंचीने साडेपाच फुटांच्या आत आणि धिप्पाड लोकांमधून निसटून जाणारा माणूस, त्याच्यासाठी ग्राउंडबाहेर फुलांसोबत विरोधी क्लबांच्याही जर्सी ठेवलेल्या. बहुतेक मॅचना दोन्ही बाजूंचे लोक मिसळून बसतात, बायकामुलांना घेऊन बिनधास्त जा.

खायला पाय (pie, म्हणजे आत सारण भरून भाजलेली पेस्ट्री) आणि मटार. शाकाहारी असाल तर चीज-बटाट्याची पाय मिळते का विचारा, पण वरची ग्रेव्ही बहुतेक वेळा मांसाची असते, ती आधीच नको म्हणून सांगा. जुलैतही जॅकेट हवंच. शुक्रवारची मॅच आठला सुरू होते, संपेपर्यंत पावणेदहा, त्यामुळे शेवटची ट्रेन आधी बघून ठेवा, हलहून परत यायचं असेल तर सरळ मुक्कामच करा.

वेळ कमी असेल तर मॅजिक वीकेंड गाठा, सगळ्या टीम एकाच ग्राउंडवर खेळतात, २०२४ ला ऑगस्टमध्ये लीड्सच्या एलंड रोडला होता. ठिकाण आणि महिना बदलत राहतो, आधी बघून मग विमानाचं बुकिंग करा.

२०२४ ची फायनल १२ ऑक्टोबरला, मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड फुटबॉल स्टेडियममध्ये. ओल्ड ट्रॅफर्ड नावाचा ट्रॅम स्टॉप क्रिकेट ग्राउंडला लागून आहे, फुटबॉलचं स्टेडियम तिथून दहा-एक मिनिटं चालत, गोंधळू नका. विगनने हलच्या हल केआर क्लबला ९-२ हरवलं, अख्ख्या मॅचमध्ये ट्राय (बॉल समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे टेकवणं) एकच, बेव्हन फ्रेंचचा, बाकी सगळी टॅकलची लढाई. विगनची त्या वर्षातली ती चौथी ट्रॉफी. हल केआरची पहिलीच ग्रँड फायनल होती, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी तिथेच विगनला २४-६ ने हरवलं, त्याआधी वेम्बलीला चॅलेंज कप ही नॉकआउट स्पर्धाही जिंकली, चाळीस वर्षांनी मिळालेली मोठी ट्रॉफी! म्हणून हलला गेलात तर त्यांचं ग्राउंड क्रेव्हन पार्कच बघा, हल स्टेशनवरून पूर्वेकडे जाणारी बस पकडायची, लाल-पांढऱ्या जर्सीवाले दिसतीलच, त्यांच्या मागोमाग उतरा.