वर्गातली डुलकी

दहावीच्या वर्गात तिसऱ्या तासाला एखादा मुलगा पेंगू लागला की खडूचा तुकडा भिरकावला जातो, वर्ग हसतो, मुलगा खजील होऊन ताठ बसतो आणि पाचच मिनिटांत त्याची मान पुन्हा कलते. त्याला आळशी ठरवून मोकळे होणे सोपे असते; परंतु विदर्भातल्या खेड्यात इतकी वर्षे शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की आमच्या मुलांची झोप त्यांच्या हातात फारशी नसतेच. ती विजेच्या वेळापत्रकावर, वावरातल्या पिकावर आणि उन्हावर ठरते.

हिवाळ्यात शेतीपंपाची वीज आळीपाळीने दिवसा आणि रात्री येते. रात्रीची पाळी असली की गहू-हरभऱ्याच्या ओलितासाठी बाप वावरात निघतो आणि साप-विंचवाच्या धास्तीने टॉर्च धरायला थोरल्या मुलाला सोबत नेतो. ‘राती लाईन आली होती ना सर, बाबासंग पाणी द्याले गेलतो,’ असे तो सांगतो, तेव्हा पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही. त्याची गणिताची वही उघडली तर समीकरणातले उणे चिन्ह दुसऱ्या ओळीत येईपर्यंत गळालेले असते, अक्षरे उतरणीला लागलेली असतात आणि शेवटच्या आकड्यापासून पेनाची एक रेघ थेट समासाबाहेर गेलेली असते. रीत त्याला येत असते. टिकत नाही ते लक्ष, कारण अपुऱ्या झोपेचा पहिला फटका लक्षालाच बसतो. डोळे उघडे असतानाही मेंदू काही सेकंद झोपून जातो आणि नेमकी तेवढीच पायरी निसटते. मधल्या सुट्टीत क्षुल्लक कारणावरून जुंपणाऱ्यांतही हीच मुले अधिक असतात, हे निरीक्षण माझे स्वतःचे आहे.

झोप म्हणजे वाया गेलेला वेळ, अशी आमच्याकडे परीक्षेच्या दिवसांत पक्की समजूत असते. ज्याच्या घरी रात्री दोन वाजता दिवा दिसतो त्याचे गावभर कौतुक होते. वास्तविक 1924 मध्येच अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दाखवून दिले होते की पाठ केलेली निरर्थक अक्षरे जागेपणीच्या काही तासांनंतर जितकी विसरली जातात, त्याहून तितक्याच तासांच्या झोपेनंतर कमी विसरली जातात. दिवसभर शिकलेले गाढ झोपेत मेंदू पुन्हा घोळवतो आणि पक्के करतो, हे आता सर्वमान्य आहे. त्यामुळे रात्र जागून वाचलेला धडा सकाळी पेपरात आठवत नाही, याला नशीब जबाबदार नसते.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, अशी अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संस्थेची 2016 ची शिफारस आहे. या वयात झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागते, म्हणजे मुलाला दहा वाजता झोप न येणे हा सगळाच मोबाइलचा दोष नव्हे. अर्थात मोबाइल त्यात भर घालतो, हेही खरेच. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला, तो चांगलाच होता; मात्र शरीराचे घड्याळ पुढे सरकते ते वयात येणाऱ्या मुलांचे, आणि ती त्या निर्णयाबाहेरच राहिली.

सर्वांत बिकट अवस्था उन्हाळ्याची. दुपारच्या उन्हापासून मुले वाचावीत म्हणून शाळा सकाळची होते, आणि तिला पर्याय मला तरी दिसत नाही. परंतु झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते, आणि आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये टिनाचे छप्पर दिवसभर तापून मध्यरात्रीपर्यंत आतल्या माणसांना भाजत राहते. मुले अंगणात बाज टाकून कूस बदलत राहतात, डास पिच्छा सोडत नाहीत, आणि पहाटे वारा जरा गार होऊन खरा डोळा लागतो न लागतो तोच सात वाजताच्या शाळेसाठी आई हाका मारू लागते. वार्षिक परीक्षा नेमकी याच दिवसांत असते.

अलीकडे सौर कृषी वाहिन्यांवरून काही ठिकाणी पंपांना दिवसा वीज मिळू लागली आहे. शेतकऱ्याची रात्र वाचावी हा तिचा हेतू. माझ्या लेखी ती शैक्षणिक सुधारणाही आहे, कारण जिथे बाप दिवसा पाणी देतो तिथे मुलगा रात्री घरी झोपतो. रोही (नीलगायी) आणि रानडुकरे मात्र रात्रीच येतात, त्यामुळे हरभऱ्याला घाटे धरले की मचाणावरची जागल काही चुकत नाही.