आईची सकाळ, मेथी आणि दिवा

दिवेलागण झाली की आई दाराची कडी चाचपायची आणि "मला घरी सोड रे, आई वाट बघत असेल," असे मलाच विनवायची. अल्झायमरच्या निदानाला तेव्हा दोन वर्षे झाली होती. दुपारभर ती खुर्चीत पेंगायची आणि रात्री दोनला साडी नेसून तयार व्हायची. झोपेचे औषध वाढवण्याआधी रोज सकाळी प्रखर उजेड देऊन पाहा, असे डॉक्टरांनी सुचवले. डोळ्याच्या पडद्यातील काही पेशी उजेडाची, विशेषतः निळसर उजेडाची, वर्दी मेंदूतील झोप-जागेच्या घड्याळाला देतात. म्हातारपणी बाहेर पडणे कमी झाले की ही वर्दीच क्षीण होते, असे त्यांनी समजावले. नेदरलँड्समधील 12 वृद्धनिवासांत 189 जणांवर झालेल्या, 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा प्रखर उजेडाने आकलनाची घसरण थोडी मंदावली होती. नंतरच्या आढाव्यांनी मात्र एकूण पुरावा अपुरा ठरवला, हेही त्यांनी लपवले नाही. आईचे मोतीबिंदू पूर्वीच काढलेले होते. नेत्रतज्ज्ञांनी पडदा तपासून होकार दिल्यावरच मी प्रखर उजेडाचा दिवा मागवला.

खोक्यावर 10,000 लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) असे ठळक छापलेले होते, पण हा आकडा जेमतेम वीतभर अंतरावर मिळतो, हे माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत सापडले. इतक्या जवळ दिवा येताच आईने पदर डोळ्यांवर ओढला आणि तिसऱ्या दिवशी बटणच बंद केले. मी तिच्यावर ओरडलो, याची लाज अजून वाटते.

मग फोनवरच्या मापकाने घरातला उजेड मोजला. पुण्यातल्या आमच्या दिवाणखान्यात ट्यूबलाइट लावूनही 120 लक्स, तर गॅलरीत आषाढातल्या ढगाळ सकाळी 3,000 च्या वर. फोनचे माप काटेकोर नसले तरी एवढी तफावत पुरेशी बोलकी होती. तेव्हापासून चहा झाला की आईची खुर्ची गॅलरीत जाते, मांडीवर परात आणि मेथीची जुडी येते. पाने ओच्यात आणि देठ परातीत असा उलटा कारभार चालतो, पण तासभर ती उजेडात बसते. मुसळधार पाऊस असेल तेव्हाच दिवा काढतो, तोही बाजूला, तिरका ठेवून.

तीनेक आठवड्यांनी दुपारची पेंग कमी झाली आणि रात्रीची जाग दोनवरून साडेचारवर गेली. दिवेलागणीची विनवणी थांबलेली नाही. म्हणून साडेपाचलाच सगळे दिवे लावून आम्ही पडदे ओढून घेतो, कारण अंधारल्यावर खिडकीच्या काचेत दिसणारी स्वतःचीच छबी तिला परकी बाई वाटते.