बाबांची पोस्टातली जुनी सर्टिफिकेटं: किंमत कशी कळली आणि पैसे कसे मिळाले

आमचं घर ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात. बाबा 2008 साली दिवाळीच्या आधी गेले. बँकेचं, विम्याचं, पेन्शनचं सगळं दादाने तेव्हाच मार्गी लावलं होतं. पोस्टाचे कागद मात्र गेल्या वर्षी माळ्यावरची ट्रंक उतरवली तेव्हा हाती लागले. एका खाकी पाकिटात किसान विकास पत्रं होती, दहा-दहा हजारांची चार, 11 जून 2007 ची. त्यांच्याबरोबर राष्ट्रीय बचत पत्रं, म्हणजे एनएससी, आठव्या मालिकेची, दहा-दहा हजारांची दोन. आणि बाबांची हिशेबाची छोटी वही.

दादा पुण्याला असतो. त्याने फोनवरच हिशेब मांडला: चाळीसचे ऐंशी झाले, आता ऐंशीचे एक लाख साठच्या वाटेवर असतील. असं खूप जणांना वाटतं, म्हणून आधी हेच सांगते. किसान विकास पत्र एकदाच दुप्पट होतं. किती काळात, ते घेतलेल्या तारखेवर ठरतं. योजना 1988 साली सुरू झाली तेव्हा साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट व्हायचे. पुढे मुदत वाढत गेली आणि 1 मार्च 2003 पासून ती 8 वर्षं 7 महिने झाली. म्हणजे आमची पत्रं 11 जानेवारी 2016 ला पिकली आणि चाळीसचे ऐंशी हजार झाले. मुदतीनंतर मिळतं ते फक्त पोस्टाच्या बचत खात्याच्या दराचं साधं व्याज. हा दर डिसेंबर 2011 पासून 4 टक्के आहे. ते किती काळाचं द्यायचं हे त्या त्या योजनेच्या नियमावर असतं आणि तो हिशेब पोस्टच करून देतं. थोडक्यात, इतकी वर्षं कागद पडून राहिले त्यात आपलं नुकसानच झालं.

एनएससीचं प्रकरण जास्त नाजूक होतं. कागदावरचा गोल शिक्का पोस्टमास्तरांच्या सहीवर पडलेला आणि शाई फुटलेली. 24 तारीख दिसत होती, 03 दिसत होतं, मधला महिना मात्र नुसता निळा डाग. मोबाईलने फोटो काढून मोठा करून पाहिला, खिडकीत उजेडासमोर धरला, तरी फेब्रुवारी की मार्च ते कळेना. आणि सगळं त्या महिन्यावरच अडलेलं. 28 फेब्रुवारी 2003 च्या अर्थसंकल्पात अल्पबचतीचे दर एक टक्क्याने उतरले आणि 1 मार्चपासून ते लागू झाले. फेब्रुवारीतल्या एनएससीला 9 टक्के, सहामाही चक्रवाढ, म्हणजे सहा वर्षांनी शंभराचे 169 रुपये 59 पैसे. मार्चमधल्या एनएससीला 8 टक्के, म्हणजे 160 रुपये 10 पैसे. आमच्या वीस हजारांवर 1,898 रुपयांचा फरक पडत होता. रक्कम फार मोठी नाही, पण बाबांनी घेताना जो दर ठरला होता तोच मिळायला हवा, यावर मी अडून बसले.

वहीत त्यांच्या अक्षरात नोंद होती: 'फेब्रु. एनएससी 20,000, कलम 88'. तेव्हा या कलमाखाली आयकरात सूट मिळायची, म्हणून नोकरदार माणसं वर्षअखेरीला एनएससी घ्यायची. पण घरची वही पोस्टाला पुरावा म्हणून चालत नाही. त्यांच्या रजिस्टरात नोंदणी क्रमांक आणि विक्रीची तारीख असते, तीच खरी. पत्रं जिथून घेतली ते घराजवळचं छोटं पोस्ट. तिथे आधी सांगितलं, इतकं जुनं आता काही निघत नाही, राहू द्या. मी तिथल्या तिथे लेखी अर्ज दिला, पत्रांच्या दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स जोडल्या आणि माझ्या प्रतीवर पोच घेतली. कागद हाती आला की उत्तर द्यावं लागतं. रजिस्टर निघालं. 24 फेब्रुवारी 2003. दुसऱ्या कुणावर अशी वेळ आली तर एवढंच सांगेन: तोंडी विचारू नका, अर्ज द्या आणि मूळ कागद हातचा सोडू नका.

पुढचं काम बाड्यावरच्या, म्हणजे ग्वाल्हेरच्या महाराज बाडा चौकातल्या, मोठ्या पोस्टात झालं. तिथे पहिल्याच भेटीत कळलं की आमच्या दोन गठ्ठ्यांची वाट वेगवेगळी. किसान विकास पत्रं आई-बाबांच्या संयुक्त नावावर, 'बी' प्रकारची, म्हणजे दोघांपैकी कुणालाही किंवा मागे राहिलेल्याला पैसे मिळणारी. 'ए' प्रकारात दोघंही असेपर्यंत दोघांच्या सह्या लागतात. आमच्यासाठी बाबांचा मृत्यूचा दाखला, आईचं आधार, पॅन, बँकेचा रद्द केलेला चेक आणि खातं बंद करण्याचा एसबी-7ए अर्ज, एवढ्यावर भागलं. वीस हजारांवरची रक्कम रोखीत देत नाहीत, ती खात्यातच जाते. जुलै 2025 पासून आणखी एक नियम आहे: मुदत संपून तीन वर्षं झाली तरी बंद न केलेली खाती वर्षातून दोनदा गोठवली जातात. पैसे बुडत नाहीत, पण ओळखीचे सगळे कागद नव्याने द्यावे लागतात.

आईची सही 2007 सारखी राहिलेली नाही, हात थरथरतो. काउंटरवरच्या मॅडमनी अजिबात घाई केली नाही. "माताजी, आराम से. एक-एक करके कीजिए," म्हणाल्या. प्रत्येक पत्राच्या पाठीमागे पैसे मिळाल्याची सही करायची असते. आईने चारही पत्रं समोर ठेवली, प्रत्येकावर बाबांचं नाव बोटाने शोधलं आणि मग खाली सही केली. सही जुळेना, तेव्हा आधार आणि दोन साक्षीदारांवर काम झालं. ही सही घरून करून नेऊ नका, काउंटरवरच करा. सही केलेलं पत्र वाटेत हरवलं तर निस्तरणं अवघड.

एनएससी फक्त बाबांच्या नावावर आणि नामनिर्देशनाचा रकाना कोरा. बाहेर एका माणसाने सांगितलं, कोर्टातून वारस प्रमाणपत्र आणावंच लागेल, मी करून देतो, आणि आकडाही मोठा सांगितला. हे खरं नव्हतं. मृत्यूला सहा महिने होऊन गेले असतील आणि रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर नामनिर्देशन नसलं तरी कोर्टाची गरज नाही. दाव्याचा फॉर्म 11, शपथपत्राचा 13, बाकी वारसांनी हक्क सोडल्याचा 14 आणि हमीपत्राचा 15, असे चार फॉर्म लागतात. दावा आईच्या नावाने केला. मी इथे 14 वर सही केली, दादाने पुण्यात नोटरीसमोर करून कुरियरने पाठवला.

अडलं ते नावात. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये असतं. बाबांच्या एनएससीवर तसं पूर्ण नाव, नगर निगमच्या दाखल्यावर मात्र फक्त नाव आणि आडनाव. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या बहुतेक मराठी घरांत कागदोपत्री हा घोळ असतोच. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं वेगळं शपथपत्र केलं, सोबत त्यांच्या नोकरीतला पूर्ण नावाचा कागद जोडला, तेव्हा ते मानलं गेलं. प्रकरण जुनं असल्याने मंजुरी वरून यायची होती, त्यात बराच वेळ गेला. खातं निष्क्रिय ठरल्यावर आणखी सात वर्षं कुणी मागणी केली नाही तर अशी रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. तिथूनही 25 वर्षांपर्यंत ती मागता येते, त्यानंतर सरकारजमा होते. त्यामुळे 'आता काय मिळणार' असं म्हणून कागद रद्दीत टाकू नका.

एका गोष्टीचं मात्र काही करता आलं नाही. वहीत 1995 ची आणखी एक नोंद आहे: 'इंदिरा वि. प., दोन'. पैसे मिळाले की बाबा त्या ओळीवर रेघ मारायचे. या ओळीवर रेघ नाही. ट्रंक, कपाट, देवघराचा खण, सगळं पाहिलं, पत्रं मिळाली नाहीत. इंदिरा विकास पत्रावर धारकाचं नावच नसायचं. ज्याच्या हातात ते पत्र, त्याचे पैसे, अगदी नोटेसारखं. हरवलं तर दुसरं मिळत नाही. ही योजना 1999 साली बंद झाली, पण कुणाच्या घरी मूळ पत्र असेल तर ते सांभाळून पोस्टात न्या. आईला याचं फार वाईट वाटलं, मलाही. ते पैसे त्यांनी पगारातून बाजूला काढले होते.

एनएससीचे पैसे आले ते नऊ टक्क्यांच्याच हिशेबाने. आम्ही सगळ्या पत्रांच्या व्याजाचा तपशील पोस्टाकडून लेखी घेतला, कारण हे व्याज करपात्र आहे आणि आईच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागेल. मुद्दल किती, व्याज किती, हे वेगळं लिहून मागा, नाहीतर सगळीच रक्कम उत्पन्न धरली जाण्याचा धोका असतो. आलेले पैसे आईने त्याच पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले आणि नामनिर्देशनाच्या रकान्यात दादाचं आणि माझं नाव तिने स्वतः लिहिलं, मधल्या नावासकट, आधारवर आहे तसं.